फ्रीजरमधले औषध

शनिवार, २१ फेब्रुवारी २००४. सकाळी सव्वासातला वसईजवळच्या नंदाखालचा बागायतदार फर्डिनंड तुस्कानो, वय एक्कावन्न, स्वतःच्या वाडीतल्या माडावरून पडला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरी लग्न होते. बुधवारपासून उपवासकाळ सुरू होणार, मग ईस्टरपर्यंत गावात मांडव नाही. त्यामुळे त्या आठवड्यात प्रत्येक घराला नारळ हवे होते आणि माडावर चढणारा गडी कोणालाच मिळत नव्हता. फर्डिनंड तरुणपणी चढत असे. त्या सकाळी पुन्हा चढला, दोन घोस खाली टाकले आणि उतरताना, जमीन दहा-बारा फुटांवर असताना, त्याचा पाय खाचेतून सुटला. डोक्याची उजवी बाजू बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्याच्या, दगडी काठावर आपटली.

तो उठला. तळ्यातले पाणी डोक्यावर मारले, घरी येऊन चहाबरोबर दोन पाव खाल्ले आणि ओट्यावर केळी सोलायला बसला. त्याची बायको सुझान हिने डॉक्टरकडे चला म्हटले, तेव्हा म्हणाला, "काय नाय झालं. लगीन होऊन जाऊ दे, मग बघू."

नऊनंतर त्याला उलटी झाली. थोड्या वेळाने त्याने सुझानला आपल्या आईच्या नावाने हाक मारली. आई जाऊन अकरा वर्षे झाली होती. मग तो तिथेच कलंडला आणि घोरायला लागला. दिवसाढवळ्या तो कधी झोपत नसे.

सुझानने आधी थोरल्या दिराला बोलावले. ऑगस्टीन तुस्कानो, निवृत्त मुख्याध्यापक, पलीकडच्याच घरात राहात. गाव त्यांना ऑगस्टीनसर म्हणे. फुले घेऊन दादरला गेलेला शेजारी बळीराम नुकताच रिकामा टेम्पो घेऊन परतला होता. त्याच्याच टेम्पोत गादी घालून फर्डिनंडला वसईच्या एका खाजगी रुग्णालयात नेले. निघण्याआधी सरांनी एक फोन केला, परळला, आपल्या मुलीला.

ॲनिशा, वय सव्वीस, परळच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करत होती. डोक्याला मार बसल्यावर काही पेशी लगेच मरतात आणि पुष्कळशा नंतरच्या काही दिवसांत हळूहळू मरतात. या दुसऱ्या पेशी वाचवता येतील का, हा तिचा विषय. त्यासाठी रोग करण्याची ताकद काढून टाकलेला एक विषाणू वापरायचा, त्यात एक जनुक भरायचे आणि तो जखमेजवळ सोडायचा. ते जनुक पेशीत शिरले की पेशी स्वतःच एक रक्षक प्रथिन बनवू लागते. हे सारे उंदरांमध्ये.

दोन वर्षांपूर्वी तिला शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा चर्चमधल्या रविवारच्या मिस्सानंतरच्या सूचनांमध्ये फादरांनी ती बातमी वाचून दाखवली होती. मजकूर ऑगस्टीनसरांनी लिहून दिला होता. आपल्या गावची कन्या मेंदूच्या जखमेवर जनुकाचे नवे औषध तयार करीत आहे, असे त्यात होते. उंदरांचा उल्लेख नव्हता. वेदीवरून उंदीर नकोत, असे सरांना वाटले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर नंदाखालमध्ये कोणी सायकलवरून पडले तरी लोक म्हणत, सरांच्या पोरीला विचारा.

फोन आला तेव्हा ॲनिशा प्रयोगशाळेतच होती. शनिवारचे अर्ध्या दिवसाचे काम उरकून ती एरवीही घरीच येणार होती. टेबलाखाली ठेवलेले थर्माकोलचे खोके तिने सवयीने उचलले आणि निघाली. प्रयोगशाळेत परदेशाहून रसायने येतात ती असल्या जाड खोक्यांत, सुक्या बर्फात. रिकामी खोकी टाकून देतात. हे एक तिने ठेवून घेतले होते. शनिवारी ते रिकामे वसईला येई आणि रविवारी संध्याकाळी बर्फ, बोंबील, कोळंबी भरून परत जाई. होस्टेलवरच्या मुली तिच्यापेक्षा त्या खोक्याची वाट जास्त बघत. खोक्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिले होते, गोठवून ठेवा. बाजूला लाल-काळ्या चिठ्ठ्या होत्या.

ती बाराच्या सुमाराला रुग्णालयात पोचली. बाहेरच्या बाकांवर नंदाखालची वीसेक माणसे बसली होती. खोके सुझानजवळ ठेवून ती तडक अतिदक्षता विभागात गेली.

बाहेर ऑगस्टीनसर त्या खोक्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा लावून चिठ्ठ्या वाचल्या.

"आलं," ते सुझानला म्हणाले.

"काय आलं, दादा?"

"औषध. बोललो नव्हतो फोनवर, पण पोरगी समजली."

बातमी बाकांवरून पसरायला वेळ लागला नाही. दोघी-तिघींनी रोझरीची जपमाळ काढली. बळीराम खोक्यापासून जरा सरकून बसला.

आत न्यूरोसर्जन डॉ. सुरुची सावे यांनी ॲनिशाला सीटी स्कॅन दाखवला. कवटी आणि मेंदूवरचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचून गाठ झाली होती आणि ती मेंदूला डावीकडे ढकलत होती. उजव्या डोळ्याची बाहुली मोठी व्हायला लागली होती. सूज उतरवणारे सलाईन चालू होते, पण त्याने थोडाच वेळ मिळतो. कवटी उघडून रक्त काढायला हवे होते, ताबडतोब.

"वेळेत काढलं तर हे पेशंट चांगले होतात," डॉ. सावे म्हणाल्या. "यांचा मेंदू आतून फारसा दुखावलेला दिसत नाही. म्हणून तर पडल्यावर चहा पिऊन बसले. पण हा वेळ गेला तर मी काही सांगणार नाही. थिएटर तयार आहे. सही पाहिजे."

सहीसाठी दोघी बाहेर आल्या तेव्हा ऑगस्टीनसर उभे राहिले.

"डॉक्टर, दोन तास थांबा."

"कशासाठी?"

"आमचं औषध आलेलं आहे."

डॉ. सावे यांनी ॲनिशाकडे पाहिले. ॲनिशाने खोक्याकडे पाहिले, आणि मग तिच्या लक्षात आले.

सरांच्या आडमुठेपणाला एक कारण होते. भुईगावच्या त्यांच्या मावसभावाची कवटी पंधरा वर्षांपूर्वी मुंबईत उघडली होती. तो वाचला आणि पुढे नऊ वर्षे खाटेवर होता. आपल्या मुलांना तो पाव्हणे म्हणत असे. सर दर महिन्याला त्याला भेटायला जात. फर्डिनंड मरेल ही भीती त्यांना होतीच, पण तो असा उरेल, ही भीती अधिक होती. सुझानलाही तीच होती. ती बोलत नव्हती, एवढेच.

"पप्पा, त्या खोक्यात काही नाहीये," ॲनिशा म्हणाली.

"चिठ्ठ्या वाचल्यात मी."

"ते मासळीचं खोकं आहे."

"सगळ्यांसमोर सांगता येत नसेल तर बाजूला चल."

ॲनिशाने खाली बसून झाकण काढले. आत कोळंबीची दोन टरफले चिकटलेली होती आणि गेल्या रविवारचा वास होता. तो बाकांपर्यंत पोचला. रोझरी म्हणणाऱ्या बायका मधेच थांबल्या.

"हे औषध तर अर्नाळ्याच्या बंदरावर ढिगानं मिळतं," बळीराम पुटपुटला. कोणीतरी हसू दाबले.

सरांचा चेहरा उतरला, पण ते मागे हटले नाहीत.

"मग तिकडं आहे ना? खरं औषध?"

ॲनिशाला नाही म्हणता आले असते. ती म्हणाली, "आहे. फ्रीजरमध्ये."

"किती आहे?"

"आहे पुरेसं. उंदराला पुरेसं."

"बळीरामचा टेम्पो आहे. आत्ता निघालात तर चार-पाच तासांत परत याल."

"सर, मी तयार आहे," बळीराम म्हणाला. "डिझेल फुल आहे."

"बळीरामकाका, बसा तुम्ही." ॲनिशा वडिलांकडे वळली. "पप्पा, काकांच्या मेंदूवर रक्ताची गाठ बसलीय. ती मेंदू दाबतेय. माझं औषध गाठ काढत नाही. ती हातानंच काढायला लागते. आमचं औषध त्याच्या नंतरचं आहे, नंतर ज्या पेशी मरतात त्यांच्यासाठी."

"नंतरचं तर नंतर दे. पण दे."

"माणसाला कधी दिलेलंच नाही."

"कोणाला तरी पहिल्यांदा देणारच ना?"

"देणार. पण आधी परवानग्या, चाचण्या. आणि आपल्या घरचा आहे म्हणून कोणाला पहिला माणूस करत नाहीत. पाच वर्षांपूर्वी अमेरिकेत जनुकाच्या उपचारात अठरा वर्षांचा मुलगा गेला. आजार वेगळा होता, पण विषाणू याच जातीचा. आम्हाला पहिल्या आठवड्यात तेच शिकवतात."

सर मुख्याध्यापकाच्या आवाजात म्हणाले, "उंदीर वाचले का नाही? तेवढं सांग. हो किंवा नाही."

"वाचतात सगळेच, पप्पा. दिलेलेही आणि न दिलेलेही. मग आम्हीच मारतो त्यांना, मेंदू कापून बघायला. दिलेल्यांच्या थोड्या जास्त पेशी शिल्लक असतात. थोड्या."

दोन वर्षे गावाने हे औषध ऐकले होते. हा भाग कोणी ऐकला नव्हता. सरांनीही नाही, कारण त्यांनी कधी विचारलेच नव्हते.

सुझान आतापर्यंत भिंतीशी उभी होती. लग्न होऊन चोवीस वर्षे झाली, वाडीचा व्यवहार असो की मुलांची शाळा, दादांनी मान हलवल्याशिवाय तिने कुठल्याच कागदावर सही केली नव्हती. फर्डिनंडनेही केली नव्हती. त्या घराची तीच रीत होती. ती पुढे आली.

"ॲनिशा, तुझं औषध दिल्यावर कामाला लागायला वेळ किती?"

"दोन दिवस. कधी तीन."

"आणि तुम्हाला, डॉक्टर?"

"आत घेतल्यावर दहा मिनिटांत मेंदूवरचा दाब उतरायला लागेल. सगळं मिळून दोन तास."

"ते मला ओळखतील का उठल्यावर?"

"माझ्या मते हो. खात्री देत नाही. इथे उभं राहून आपण जितकं बोलतोय, तितकी ती शक्यता कमी होतेय."

सुझानने हात पुढे केला. "दादा, पेन द्या."

सरांच्या खिशाला पेन होते. नेहमी असे. त्यांनी ते काढले, टोपण उघडले आणि तिच्या हातात दिले. मान हलवली नाही. तिने वाट पाहिली नाही.

पाऊण वाजता फर्डिनंडला आत नेले.

सर बाकावर बसले. ॲनिशाने खोक्याचे झाकण लावले आणि ते दूर नेऊन जिन्याखाली ठेवले. परत येऊन त्यांच्या शेजारी बसली.

"मी आता गावाला काय सांगू?" सरांनी हळूच विचारले.

"सांगा, उंदरांना देते म्हणून."

"हसतील."

"हसू देत. मी रोज उंदीर धरते, मला कोण हसत नाही तिथं."

"चावत नाहीत?"

"चावतात की. हे बघा." तिने अंगठा दाखवला. सरांनी तो धरून उजेडाकडे वळवला आणि बराच वेळ बघितला. दोन वर्षांत तिच्या कामाबद्दलचा हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

तीनच्या आधीच डॉ. सावे बाहेर आल्या. टोपी अजून डोक्यावरच होती.

"गाठ निघाली. रक्त जिथून येत होतं ती रक्तवाहिनी बंद केलीय. दबलेला मेंदू आमच्यासमोरच वर आला. बाहुल्या सारख्या झाल्यात. उद्या सकाळपर्यंत बघू, पण मी समाधानी आहे."

सुझान खाली बसली, तिथेच, फरशीवर. बायकांनी तिला उठवायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "बसू द्या ग." आणि हसायला लागली. बळीरामने सगळ्यांसाठी चहा आणला. आणताना अर्धा सांडला, कारण तो रडत होता आणि तसे दिसू नये म्हणून मान वर करून चालत होता.

रविवारी सकाळी साडेसहाला फर्डिनंडने डोळे उघडले. नर्सने नाव विचारले, त्याने सांगितले. गाव विचारले, सांगितले. मग सुझानला आत सोडले.

"ही कोण?" नर्सने विचारले.

"हिला तुम्ही आत कशाला घेतली?" फर्डिनंड म्हणाला. आवाज घोगरा होता. "लग्नाच्या घरी नारळ कोण पोचवणार?"

नारळ पोचले होते. बळीरामनेच रात्री नेऊन दिले होते. लग्न वेळेवर लागले. मांडवात बँड वाजवू नये, असे मुलीच्या बापाला वाटले होते. सकाळी रुग्णालयातून फोन गेला आणि बँड वाजला.

दहा दिवसांनी फर्डिनंडला घरी सोडले. डाव्या हातात थोडी कमजोरी होती, तीही ओसरत होती. हिशेब येत होता, माणसे ओळखू येत होती, जुनी भांडणे आठवत होती. डॉ. सावे यांनी दुसरा स्कॅन पाहून फाइल मिटली आणि विचारले, "माडावर पुन्हा चढणार?" सुझानने परस्पर उत्तर दिले, "माड विकलाय." तो विकला नव्हता, पण पुढच्या आठवड्यात खरेच विकला.

संस्थेत सोमवारीच ॲनिशाने तिच्या मार्गदर्शकांना सगळे सांगितले. त्यांनी एकच विचारले, "फ्रीजरला हात लावलास?"

"नाही."

"मनात आलं होतं?"

"येताना, दादर सोडल्यावर. खोकं मांडीवर होतं तेव्हा."

"ठीक आहे," ते म्हणाले आणि पुढच्या तुकडीच्या उंदरांविषयी बोलू लागले.

रविवार, ७ मार्चच्या मिस्सानंतर फादरांनी नवी सूचना वाचली. फर्डिनंड तुस्कानो शस्त्रक्रियेने बरे झाले आहेत. कुटुंबीय देवाचे, डॉक्टरांचे व श्री. बळीराम यांचे आभारी आहेत. कुमारी ॲनिशा यांचे औषध अद्याप फक्त उंदरांवर तपासले जात आहे, तरी कोणी त्याची मागणी करू नये. देवळात हशा पिकला. ऑगस्टीनसर पहिल्या रांगेत ताठ बसून होते. दाराशी लोक त्यांना गाठून उंदरांचे विचारू लागले, तेव्हा सरांनी पेशी, विषाणू, प्रथिन असे सगळे समजावून सांगितले. तोवर ते त्यांना पाठ झाले होते. तरीही त्या महिन्यात दोघे जण पत्ता विचारत आले. एक तर थेट चिंचोटीहून, भावाची सीटी स्कॅनची पाकिटे घेऊन. सरांनी त्याला डॉ. सावे यांचा पत्ता दिला आणि बसपर्यंत सोडायला गेले.

फर्डिनंडला हा सगळा किस्सा सुझानने नंतर सांगितला. पुढच्या शनिवारी ॲनिशा आली तेव्हा त्याने तिला ओट्यावर बसवून घेतले.

"काय ग, मला उंदराचं इंजेक्शन देणार होतीस म्हणे?"

"तुमचे दादा देणार होते."

"दिलं असतं तर शेपूट आलं असतं का?"

"शेपूट नाही, काका. अक्कल आली असती थोडी. माडावर चढला नसतात."

तो इतका हसला की सुझानने आतून ओरडून टाक्यांची आठवण करून दिली.

एप्रिलमध्ये एक गोष्ट लक्षात आली. फर्डिनंड राजेळी केळ्यांची सुकेळी करतो. सोललेली पिकी केळी उन्हात सुकवून केळीच्याच सोपटात, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीत, बांधायची. एका सकाळी तो आंबलेली केळी निवांतपणे उलटत बसलेला सुझानला दिसला. आंबटाण वास अंगणभर होता. तिने विचारले तेव्हा तो म्हणाला, "कसला वास?" मग तिने त्याच्या नाकाशी चाफा धरला, सुका बोंबील धरला, रॉकेलचा बोळा धरला. त्याला काहीच कळले नाही. पडल्यापासून असेच असावे. त्याने कोणाला सांगितले नव्हते, किंवा त्याच्याच ध्यानात आले नव्हते.

डॉ. सावे म्हणाल्या की डोके आपटते तेव्हा नाकाकडून मेंदूकडे जाणारे बारीक तंतू तुटतात. काहींचे वर्षभरात परत जुळतात, काहींचे नाही. औषध नाही. फर्डिनंडने ॲनिशाला विचारले, फ्रीजरमध्ये यावर काही आहे का. ती नाही म्हणाली. तेव्हापासून केळ्यांचा वास सुझान घेते आणि तो उलटतो. दोघांचे त्यावरून रोज वाजते. शेजाऱ्यांच्या मते हे चांगलेच लक्षण आहे.

रविवार, ३० मे रोजी दुपारी फर्डिनंड जेवता जेवता थांबला आणि काहीतरी जळतेय म्हणाला. सुझानने गॅस पाहिला, मागची चूल पाहिली, शेजारी जाऊन आली. कुठेही काही जळत नव्हते. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले आणि पुन्हा बुधवारी.

डॉ. सावे यांच्या म्हणण्याप्रमाणे याचे दोन अर्थ होऊ शकतात. तुटलेले तंतू पुन्हा जुळू लागले की आधी असे भलतेच वास येतात. पण मेंदूवर राहिलेल्या व्रणामुळेही येतात आणि ती फिट येण्याची पूर्वसूचना असू शकते. ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख, गुरुवारी, १० जूनला काढला. त्यात फिटची खूण दिसली नाही. एका ईईजीवरून सांगता येत नाही, सहा आठवड्यांनी पुन्हा काढू, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

त्याच संध्याकाळी ओट्यावर बसलेल्या फर्डिनंडला पुन्हा वास आला. या वेळी जळल्याचा नव्हता. सुझानने कशाचा म्हणून विचारले. त्याने डोळे मिटून दोनदा श्वास घेतला, पण वास कशाचा आहे, खरा की भलताच, हे त्याला सांगता आले नाही.